टॉवरसाठी सांगितलेले हाल

"…पुण्याची मानसं येनार, घरोघर इचारनार. नवीन जातीचा फोन हाय, बोलनाऱ्याचं तोंड दिसतंय म्हनं त्यात! आन ज्या वाडीत लई हाल, त्याच वाडीला टॉवर. फकस्त…"

एसटीत एवढं ऐकलं आणि मार्गासनीचा थांबा आला. पुढच्या सीटवरचे दोघं बोलत बोलत उतरून गेले. फकस्त काय? ते गेलं त्यांच्याबरोबर! मी खिडकीतून ओरडले सुद्धा, "अवो, फकस्त काय?" त्यांनी मला हात केला. वाटलं असेल कुणी ओळखीची बाई आहे.

आता तुम्ही म्हणाल, अर्धं ऐकलेलं सोडून द्यावं. तुम्ही देत असाल सोडून. माझ्या पोटात अर्धी बातमी राहत नाही, दुखायला लागतं. म्हणून जो घोटाळा मी करून ठेवला तो सांगते. चहाचा कप मात्र खाली ठेवा आधी, हसताना सांडतो.

आमची वाडी वेल्ह्याच्या पुढं, तोरण्याच्या पायथ्याला. तेव्हा पुण्यात भाजीवाल्याच्या खिशात पण मोबाईल आला होता आणि आमच्याकडं रेंजचा पत्ता नाही. रेंज यायची ती वाडीमागच्या टेपाडावर, एका काळ्या खडकावर उभं राहिलं तर. तिथं पण पूर्वेला तोंड करून.

वाडीत धड चालणारा मोबाईल एकच, माझ्या शेजारणीच्या पोरीचा. शेजारीण म्हणजे हौसावैनी आणि पोरगी मनीषा. मनीषाच्या भावानं पुण्याहून तो फोन पाठवला होता. पण बोलायची सगळी वाडी. रोज सांजच्याला मनीषा टेपाड चढायची आणि ज्याचे त्याचे निरोप पोचवून यायची. कुणाच्या लेकीला बाळ झालं, कुणाचा पोरगा एसटीत बसला, कुणाची म्हैस व्यायली, सगळं तिच्या तोंडून.

तर ती बातमी मी घरी आणली. आमचे हे दोर वळत बसले होते. म्हणाले, "नीट ऐकलंस का समदं?"

"ऐकायचं ते ऐकलं."

"म्हंजी अर्धं."

नवरे असेच असतात. मी लक्ष दिलं नाही.

दोन दिवस ओसरीवर नजर लावून बसले. आणि आले की हो! मोटारसायकल, इस्त्रीचे शर्ट, एकाच्या खिशाला पेन, दुसऱ्याच्या काखेत बॅग. आणखी काय पाहिजे? थेट माझ्याच ओसरीला आले.

"मावशी, पानी मिळंल का?"

"मिळंल की. बसा. कुठनं आलात?"

"हे आपलं… खालनं."

मी मनात म्हटलं, बरोबर. तपासणीची माणसं खरं गाव कधी सांगत नाहीत.

पाणी पिता पिता पेनवाल्यानं विचारलं, "शेजारी कोन ऱ्हातंय? मानसं कशी हायेत?"

झालं सुरू! मी पदर खोचला.

"मानसं सोन्यावानी. पन त्यांचं हाल इचारू नगा!"

"कसलं हाल?"

"वैनीच्या म्हाताऱ्या सासऱ्याला दमा. खोकला लागला की वाटतं आता काय खरं न्हाई." (दिवाळीत गार पाणी प्याला म्हणून दोन दिवस खोकला होता बिचारा.) "हौसावैनीला चक्कर येती. कुठं पडंल नेम न्हाई." (एकदा पडली होती. पेरूच्या झाडावरून.)

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मला वाटलं, पाझर फुटला.

"आन पोरगी?" बॅगवाला म्हणाला.

"पोरीचं तर बोलूच नगा. रोज सांजच्याला एकटी टेपाडावर जाती."

"कशाला?"

"फोनवर बोलाया. घरातनं बोलता येत न्हाई ना!"

"कुनाशी बोलती?"

"आता कुनाकुनाशी म्हनून सांगू? पुन्यावाले हायेत, मुंबईवाले हायेत. एक तर मिल्ट्रीतला हाय."

पेनवाल्याला ठसका लागला. मी पाठ थोपटायला पुढं झाले.

"घरच्यांना… म्हाईत हाय हे?"

"अवो, घरचीच पाठवत्यात! समदी वाडी पाठवती. मी सुदिक पाठवते!"

दोघं उठलेच. चहा टाकते म्हटलं तर नको नको म्हणत मोटारसायकलला किक. असली गडबड! मला वाटलं, आमचे हाल ऐकून थेट पुण्यालाच निघाले टॉवर आणायला.

मी तशीच हौसावैनीच्या दारात. बघते तर काय, वैनी नव्या लुगड्यात. चुलीवर पोहे. म्हाताऱ्याच्या डोक्यावर धुतलेला फेटा. आणि मनीषा केसात अबोली माळून पाट मांडतेय.

"वैनी, काम फत्ते! पुन्याची मानसं यिऊन गेली. असं हाल सांगितलं म्हनता!"

वैनीच्या हातातली पळी थांबली. "मोटारसायकलवर हुती का?"

"व्हय."

"त्यातला एक, खिशाला पेन?"

"व्हय की!"

"शालन," वैनी हळूच म्हणाली, "ती पुन्याची न्हवती. वरव्याची हुती. मनीला सांगून आलेल्या पोराचा मामा आन चुलता."

आमच्याकडं अशीच रीत आहे. पोरगी बघायच्या आधी दोन माणसं शेजारी पाणी मागतात आणि त्या घराची चौकशी करतात. शेजारणीनं चांगलं सांगितलं तरच पुढचं दार. ही रीत मला ठाऊक नव्हती का? अहो, वाडीतल्या निम्म्या लेकी माझ्या ओसरीवरच्या पाण्यावर सासरी गेल्यात! पण वरवे बुद्रुकचं स्थळ आलंय हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळ्या वाडीला माहीत, मला नाही.

"मला का न्हाई सांगितलं?" मी म्हटलं.

म्हातारा फेटा सोडत म्हणाला, "तुला सांगितलं की वेल्ह्याच्या बाजारात जातंय म्हनून."

मला तर वाटलं, आता ही बाई मला पळीनं मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं! तिनं पोहे झाकून ठेवले आणि चुलीतलं लाकूड मागं ओढलं, बस. पोरगा चांगला होता, शिरवळकडं कंपनीत कामाला. मनीषाच्या मनात भरला होता हे तिच्या अबोलीवरूनच कळत होतं.

मनीषा मात्र उठली. डोळे पुसले, फोन घेतला आणि निघाली.

"कुठं गं?"

"ठकूबाईच्या पोराचा फोन येनाराय आज," म्हणाली. आणि चढली टेपाड.

ठकूबाईचा एकुलता एक पोरगा मिल्ट्रीत. तिचे गुडघे गेलेले, टेपाड चढवत नाही. म्हणून ती खाली दगडावर बसते आणि मनीषा वरून ओरडून सांगते. "आत्या, विचारतोय जेवलीस का?" मग ठकूबाई खालून, "त्यो जेवला का इचार आधी!" सगळी वाडी ऐकते. पण रडायचं काही असलं ना, तर मनीषा ओरडत नाही. फोन झाला की खाली येते आणि कानात सांगते.

त्या दिवशी ती खाली उतरली, ठकूबाईच्या कानाशी लागली. आणि मग ठकूबाईच तिचे डोळे पुसत बसली. मला काही ते बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी वरव्याला. विचारत विचारत घर गाठलं. दारात मुलाची आई तांदूळ पाखडत होती.

"मी ती शेजारीन," मी म्हटलं.

"कंची?"

"जिनं समदं सांगितलं ती."

तिनं सूप खाली ठेवलं. "मग आता आनि काय ऱ्हायलंय सांगायचं?"

बघा, तोंडात मारल्यासारखं. पण मी उंबऱ्यावर बसले आणि टॉवरपासून पेरूच्या झाडापर्यंत सगळं सांगितलं. ठकूबाईचं सांगितलं. कानात सांगायचं ते पण सांगितलं. म्हटलं, "बाई, मी खोटारडी हाय, पोरगी न्हाई."

बाईनं तांदळातले चार खडे वेचून अंगणात फेकले. मग चहा टाकला. देताना म्हणाली, "बघू. आमची मानसं येतील परत एकदा. पन ह्या खेपेला तुमी हालबिल सांगू नगा."

"जीभ कापून ठेवते!"

वाडीत परत आले ती थेट घरोघर फिरले. म्हटलं, बायांनो, वरव्याची माणसं परत येणार. कुणीही विचारलं तर आपल्याकडं समदं ब्येस. आजार न्हाई, अडचण न्हाई, आणि टेपाडावर कुणी जात न्हाई. फोनचं तर नावच काढायचं न्हाई! मनीच्या संसाराचा सवाल हाय.

आणि चार दिवसांनी आली. दोघंजण, ह्या वेळी जीपमधून. एक बाप्या आणि एक बाई, हातात कागद. मी म्हटलं, तालेवार दिसतायत पाव्हणे!

"नमस्कार ताई. आम्ही कंपनीकडून आलोय."

पोरगा कंपनीतच होता की! मी म्हटलं, साहेबालाच पाठवलेला दिसतोय चौकशीला.

"घरात आजारपण वगैरे? दवाखाना लांब पडतो का?"

"छ्या! दवाखान्याचं दार कसलंय ते बी बघितलं न्हाई कुनी."

"बाहेरगावच्या माणसांशी बोलायला काय करता? कुणी म्हणालं, टेकडीवर जावं लागतं."

"कोन म्हनलं? हितं कोन बी जात न्हाई! पोरी तर न्हाईच न्हाई!"

ती बाई गोड हसली. "समजा ताई, उद्या नवीन नेटवर्क आलं. फोनवर समोरच्याचा चेहरा दिसला. तर तुमच्या आयुष्यात किती फरक पडेल? एक ते दहामध्ये सांगा. दहा म्हणजे खूप."

मी मनात म्हटलं, वा गं वा! पोरगी फोनला चटावलेली आहे का ते काढून घेतेय काय? मी काय कच्ची आहे?

"शून्य," म्हटलं.

"शून्य नाही ह्यात. एकपासून आहे."

"मग एक लिवा. त्यो बी तुमच्या मानासाठी."

ती दोघं घरोघर गेली. सगळ्या वाडीनं माझं ऐकलं हो! जन्मात कधी ऐकलं नव्हतं, त्या दिवशी ऐकलं. कुणाला अडचण नाही, कुणाला आजार नाही. ठकूबाईला विचारलं, "आजी, मुलाशी बोलावंसं वाटत नाही का?" ती म्हातारी खाली बघत म्हणाली, "न्हाई. कशाला बोलायचं? बरा हाय त्यो तिकडं." मनीसाठी म्हणाली. आणि पदरानं तोंड पुसलं.

जीप गेली. मी ओसरीवर ऐटीत बसले. सांजेला कासमभाईंचा टेम्पो आला. भोरहून आमच्याकडं सामान आणायचे ते. पुढच्या सीटवरून उतरली वरव्याची बाई! मुलाची आई, स्वतः.

"तुमची मानसं मगाशीच यिऊन गेली की," मी म्हटलं.

"आमची? कुनी बी न्हाई आलं. म्हटलं मानसं धाडन्यापरीस आपनच बघावं."

माझ्या पायाखालची ओसरी हलली.

कासमभाई गोणी उतरवता उतरवता म्हणाले, "ती जीप व्हय? टॉवरवाली होती ती, पुण्याची. वेल्ह्याच्या टपरीवर भेटली मला. हसत होती, म्हणं असली सुखी वाडी आख्ख्या तालुक्यात न्हाई!"

आमचे हे आतून म्हणाले, "अर्धं ऐकलं हुतंस न्हवं?" आणि पुन्हा दोर वळायला लागले.

वरव्याची बाई मात्र माझ्याकडं आलीच नाही. ती तशीच टेपाडाखाली ठकूबाईशेजारी दगडावर जाऊन बसली. वर मनीषा फोन कानाला लावून ओरडत होती, "आत्या, म्हणतोय थंडी लई हाय!" आणि ठकूबाई खालून, "कानाला गुंडाळ म्हनावं!" मग मनीषा गप्प झाली. फोन ठेवून खाली आली, अनोळखी बाई दिसली तशी थबकली, पण आधी ठकूबाईच्या कानाशी वाकली. त्या बाईनं बघितलं, काही विचारलं नाही. घरात आली, ते पोहे… म्हणजे ते नव्हेत, नवीन केलेले… खाल्ले आणि जाताना मनीच्या ओटीत नारळ घालून गेली.

त्या साली लगीन झालं. टॉवर पण आला. ओढ्यापलीकडच्या वाडीत! त्यांनी म्हणे दहापैकी दहा सांगितले होते, रडून. आणि तोंड दिसणारा फोन? अजून कुठं दिसतंय तोंड! आवाज येतो तेवढा. पलीकडच्या टॉवरची रेंज डोंगर अडवतो, आमच्याकडं एवढीशी झिरपते ती एकाच जागी.

कुठं म्हणता? माझ्या अंगणात. न्हाणीच्या मागं, पपईपाशी. पूर्ण रेंज!

मी म्हटलं, देवानं माझं चीज केलं. आता घरोघर बातम्या गोळा करत हिंडायला नको, बातम्याच चालत अंगणात येतील. ठकूबाई येते बिचारी. आता स्वतःच्या तोंडानं पोराशी बोलते. तिचा गळा भरून आला की मी आपण होऊन आत जाते. म्हणजे, दाराआड जाते.

बाकीची पण यायची आपापले नवे फोन घेऊन, पहिले थोडे दिवस.

परवा मनीषाचा फोन आला होता सासरहून. हौसावैनी पपईपाशी उभी राहून बोलत होती. मी आपली जवळच वांग्याला पाणी घालत होते. मनीचा आवाज खणखणीत, सवयच आहे तिला ओरडून बोलायची. "आई, कुठं उभी हाईस गं?"

"शालनच्या अंगनात."

"मग ऱ्हाऊ दे. तू टेपाडावर जा, तिथं लावते."

वैनीनं फोन बंद केला, माझ्याकडं बघून हसली, पदर खोचला आणि गुडघ्यावर हात ठेवत चढायला लागली की हो! वर बघते तर खडकापाशी आणखी तिघी-चौघी रांगेत उभ्या.

मी खालून हाक मारली, "वैनी! अगं हितं पूर्ण रेंज हाय!"

वैनी अर्ध्या चढावर थांबली, दम घेतला आणि तिथनंच ओरडली, "म्हाईत हाय! तूच जवळ हाईस लई!"