सायकलीमागची फांदी

नातीने पहाटे सायकलच्या साखळीला तेल सोडलं आणि त्या वासाने माझी झोपच उडाली. संस्थानच्या काळातली एक पहाट आठवली बघा. जव्हारहून आम्ही सारे दाभोशाला नदीवर निघालो होतो. वडील नि काका सायकलींवर, आम्ही बायका-पोरी मागून बैलगाडीत. मला मात्र सायकलच चालवायची होती, दुसरं काही सुचेना.

तेव्हा ब्रेकचा भरवसा नसायचा, म्हणून उतार आला की सायकलीमागे पानांची मोठी फांदी बांधायचे. ती फरफटत आली की सायकल आवरायची. सपाटीला वडील थांबून फांदी सोडू लागले, तोवर आमची गाडीही पोचली, तशी आई म्हणाली, "अहो, पोरगी रात्रभर तळमळतेय. एकदा द्या तिला."

"आणि पडली म्हणजे?"

"मग फांदी राहू द्या की!"

सायकलच्या आडव्या नळीखालून पाय घालून मी पायडल मारलं. मागे फांदी खसखसत होती, दवाने भिजलेल्या मातीचा वास येत होता.

"रस्ता झाडत चालली बघा!" काका हसले.

"सोडा ना ती!" मी रडकुंडीला आले. कुणी सोडली नाही.

आज नात मैत्रिणींबरोबर घाट उतरायला गेलीय. "आजी, ब्रेक आहेत गं," म्हणाली. असतील. पण मी आपली दारातच उभी, आणि नजर सारखी कुंपणातल्या फांद्यांकडे जातेय.