तांडेलांचा मोबाईल नंबर

“माझा नंबर कशाला वो? तुमचाच घाला,” असं म्हणत यशवंत तांडेलांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. “मी आठ-आठ दिवस दर्यात. तिकडे रेंज कुटली?”

मी रत्नागिरीत एका शेअर ब्रोकरची फ्रँचायझी चालवतो. तांडेल म्हणजे मच्छीमार बोटीचा कप्तान. यांची बोट स्वतःची, इंजिन मात्र थकलेलं. नव्या इंजिनासाठी साठवलेले पैसे त्यांना बाजारात वाढवायचे होते. सगळे घालू नका, हे मी आधीच सांगितलं होतं.

“डीमॅट म्हणजे शेअर ठेवायचं कपाट,” मी म्हणालो. “मोबाईलवर येणारा ओटीपी ही त्याची किल्ली. ती ब्रोकरकडे ठेवायची नसते. नियमात बसत नाही.”

“वीस वर्षं एकाच दलालाकडे म्हावरं घालतोय. लिलावाला कदी उभा राहिलो नाय. त्याने सांगितला तो भाव. तुमच्यावर तेवढाच भरवसा टाकतोय, तर तुमी नाय म्हणता?”

बंदरावरची रीतच तशी. तिथे दलालाला हिशेब विचारणं म्हणजे त्याचा अपमान. मी पुन्हा नियम सांगितला. ते रागाने उठले. बाजूला बसलेल्या त्यांच्या बायको, सुलभावहिनी, फोनवर कोणाला तरी कोळंबीचा भाव सांगत होत्या. त्याही उठल्या. सुंठीवाचून खोकला गेला, असं मला तेव्हा वाटलं. आज त्याची लाज वाटते.

तांडेलांना दुसऱ्या ब्रोकरचा एक माणूस मिळाला. ब्रोकरेज अगदी कमी, आणि फॉर्मवर स्वतःचा नंबर घालायलाही तो आनंदाने तयार झाला.

वर्षभराने तांडेल नवरा-बायको परत आले. इंजिनासाठी पैसे मागितले, तर तो माणूस आज-उद्या करत होता. मी त्यांना त्या ब्रोकरच्या मुख्य ऑफिसला अर्ज करायला लावून खात्यावरचा नंबर बदलून तांडेलांचा करून घेतला. मग स्टेटमेंट मागवलं. पानंच्या पानं निघाली. सकाळी घेतलेले शेअर दुपारी विकलेले. प्रत्येक सौद्यावर कमिशन त्या माणसाला आणि तोटा तांडेलांना.

एका तारखेवर त्यांनी बोट ठेवलं. “ह्या दिवशी आमी जयगडच्या बाहेर जाळी ओढत होतो. मी कदी विकले?”

तक्रार केली. उत्तर आलं, सौदे तुमच्याच नोंदवलेल्या नंबरवरून मंजूर झाले आहेत. निम्म्याहून कमी पैसे उरले होते. इंजिन नवं आलं नाही, जुनंच खोलून बसवलं.

नवीन खातं माझ्याकडे उघडताना मी म्हणालो, “वहिनींचा नंबर घालू. नवरा-बायकोचा एकच नंबर चालतो, तसं लिहून द्यावं लागतं.”

तांडेल म्हणाले, “हे तवाच का नाय सांगितलंत? ही हितंच बसली होती.”

‘नाही’ म्हणून मी माझी कातडी वाचवली होती. मग तांडेलांनी काय करावं, हा विचार मी केलाच नव्हता.

आता प्रत्येक मेसेज सुलभावहिनींकडे जातो आणि प्रत्येक मेसेजला मला फोन येतो. “हे चार्जेस कसले?” एकदा मी वैतागलो, तेव्हा म्हणाल्या, “भाऊ, कल्ले उघडून बगितल्याशिवाय मी सुरमई घेत नाय. हे कसं घेऊ?”

मिरकरवाडा बंदरावरचं गिऱ्हाईक आलं की मी आता फॉर्म नंतर काढतो. आधी विचारतो, घरातलं किनाऱ्यावर कोण असतं?