फोटोतला टेबलक्लॉथ

आमची मावशी ऑनलाइन लिलावात जुने टेपरेकॉर्डर घेते आणि दुरुस्त करून विकते. "उत्तम चालू" असं लिहून बंद पडलेला माल गळ्यात मारणाऱ्या हलकटांनी तिचं डोकं इतकं फिरवलंय, की फोटोत ती वस्तूच्या आधी मागचं घर बघते. म्हणते, "वस्तू पुसून चकाचक करतात मेले, पण मागे काय दिसतंय याचं भान नसतं."

परवा एका फोटोत टेपरेकॉर्डरखाली तिला तिनेच विणलेला टेबलक्लॉथ दिसला. तो तिने लेकीला लग्नात दिला होता. टेपरेकॉर्डरही तिचाच, पार कामातून गेलेला. "भंगारात टाकतो," म्हणून जावयाने नेलेला. वर बेशरमपणे लिहिलं होतं, "उत्तम चालू".

मावशीने मला माझ्या ऑफिसातल्या एकीच्या नावाने बोली लावायला लावली. आम्ही जिंकलो आणि पार्सल ऑफिसात आलं.

रविवारी जावई जेवायला आला. त्याच्यापुढे ताटाच्या जागी टेपरेकॉर्डर होता.

"उत्तम चालू आहे ना, जावईबापू?" मावशी म्हणाली. "मग लावा एखादं गाणं. वाजलं की वाढते."