मी रंगवलेली पाटी

धबधब्याची ती पाटी मीच रंगवली होती. आणीबाणी उठल्यानंतरच्या एका पावसाळ्यात चाकणच्या पुढच्या डोंगरात दरडी सुटायला लागल्या, तेव्हा तिथल्या गावाने धबधब्याची वाट बंद केली आणि पाटीसाठी आमच्या चिंचवडच्या कारखान्याकडे पत्रा मागितला. साहेबांनी पत्रा दिला, वर रंगारीही दिला, म्हणजे मला. ‘दरड कोसळते. पुढे जाऊ नये.’ पांढऱ्यावर लाल. अक्षर झकास आलं होतं, हे आजही सांगतो.

पुढच्याच श्रावणात आमच्या सुरक्षा समितीची सहल त्याच धबधब्यावर निघाली. ही समिती म्हणजे वर्षभर दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारी दहा-बारा माणसं. सुरक्षा सप्ताहात बिल्ले लावायचे, घोषणा द्यायच्या, पेढे खायचे. पत्रा देणारे साहेब हेच आमचे सुरक्षा अधिकारी; ते तर जिना उतरणाऱ्यालाही ‘कठडा धरा’ म्हणून टोकायचे. ही मंडळी बंद धबधब्यावर निघाली ती स्टोअरमधून काढलेल्या पिवळ्या हेल्मेटांच्या जोरावर. डोंगर अंगावर आला तर ही टोपली त्याला अडवणार होती.

माझा दापोडीचा मित्रही समितीत होता. तो गिअरबॉक्सच्या टेस्टिंगला. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगपाशी टेकवायचं, मूठ डाव्या कानाला लावायची आणि नुसत्या आवाजावरून सांगायचं, हा जाऊ दे, हा उघडा. उघडला की दोष तिथंच सापडायचा. त्या एका कानावर त्याचं घर चालत होतं. कानाचा त्याला ताठाही होता, पण तो मला कधी खुपला नाही.

वाटेच्या तोंडाशी दोर आडवा बांधला होता आणि त्यावर माझी पाटी लटकत होती. शेजारी एक म्हातारी गुरं राखत होती.

“वरची दरड सुटली हाय,” ती म्हणाली. “आमी गुरं बी न्हाई नेत तिकडं.”

“मावशी, आमचं रोजचं कामच हे आहे,” साहेब म्हणाले.

तरी सगळ्यांचे पाय अडले. म्हातारीमुळे नव्हे, तिचं कोण ऐकतंय. अडले ते पाटीमुळे. आमच्याकडे मशीन दुरुस्तीला घेतलं की स्विचवर पाटी लटकवायचे, आणि ज्याने लटकवली त्यानेच ती काढायची. मॅनेजर आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. हा नियम अंगात इतका मुरलेला की सगळे त्या दोरापुढे खोळंबून एकमेकांची तोंडं बघत राहिले.

“पाटी कुणाची?” मित्राने विचारलं आणि माझ्याकडे बघून हसला. “काढ राव. तुझीच आहे.”

मी काढली. एवढ्या शहाण्यांत मी सगळ्यांत शहाणा. पाटी गवतात उलटी ठेवली, दोर सोडला. सगळं नियमानं झालं म्हणून साहेबांनी मान डोलावली.

पाणी देखणं होतं, नाही म्हणत नाही. हेल्मेटांचे हनुवटीखालचे पट्टे आम्ही घामाला वैतागून कधीच कापून टाकले होते. मित्र तोंड धुवायला वाकला, त्याचं हेल्मेट घरंगळून पाण्यात गेलं, आणि ते उचलायच्या आत वरून नारळाएवढा दगड आला, खडकावर आपटला आणि उसळून त्याच्या डाव्या कानशिलावर बसला. साहेब सगळ्यांच्या आधी पळाले. तिथे धरायला कठडाही नव्हता.

मित्र वाचला, डावा कान गेला. उजव्या कानाने त्याने महिनाभर करून बघितलं. चांगले गिअरबॉक्स उघडायला लावले, खराब जाऊ दिले. मग त्याला गेटवर पास तपासायला बसवलं.

त्याचं हेल्मेट साहेबांनी गेटपाशीच काचेच्या पेटीत ठेवलं. त्यावर ओरखडाही नव्हता. कसा असेल? खाली लिहायला मला बोलावलं: ‘या हेल्मेटने एका कामगाराचा जीव वाचवला.’ मी लिहिलं. साहेबांना मी आजही मनसोक्त हसतो, पण ब्रश माझ्याच हातात होता.

रंग ओला असतानाच मित्र खुर्चीवरून उठून आला. त्याने सगळं सावकाश वाचलं. मग उजवा कान माझ्याकडे करून थोडा वेळ उभा राहिला, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी ब्रश पुसत राहिलो.

“अक्षर झकास आलंय,” तो म्हणाला आणि पास तपासायला गेला.