सलाईन नसलेला आजार

"सिस्टर, सलाईन लावायचं राहिलं," असं मी म्हणालो, आणि नर्सने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. बायकोच्या मांडीत इंजेक्शन देऊन तिचं काम पाच मिनिटांत संपलं होतं. मी मात्र भिसेगावहून चादर, उशी, दोन डबे आणि एक जाडजूड दिवाळी अंक घेऊन आलो होतो. बायकोच्या स्तनाच्या कॅन्सरचं हेच औषध आधी शिरेतून जायचं, आणि त्यात दिवस मोडायचा.

डॉक्टरांनी समजावलं. कातडीखाली हायलुरॉनिक ॲसिड नावाचा जेलीसारखा पदार्थ असतो. तो एवढं औषध एकदम शिरू देत नाही. म्हणून औषधात आता एक एन्झाइम घालतात. माणसाच्या अंगात असतं तसंच, पण प्रयोगशाळेत पेशींकडून करवून घेतलेलं. ते जेली मोडून वाट करतं. एकदोन दिवसांत शरीर ती परत भरून काढतं. मी मान हलवली आणि भरलेले डबे घरी आणले.

संध्याकाळी लोधिवलीहून थोरला भाऊ आणि वहिनी बायकोला बघायला आले. दादाने शहाळी ठेवली आणि तिच्या हातावर पट्टी शोधली.

"सलाईन नाय लावलं?"

"आता लागत नाही. पाच मिनिटांत इंजेक्शन होतं," ती म्हणाली आणि आत गेली.

"पाच मिनटात सुटली? मंग बरी झाली की रं. ऐतवारी पूजा हाय, पन्नास पानं हायत. सकाळीच धाड तिला. हिला एकटीला उरकायचं नाय."

माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे बाटली टांगल्याशिवाय माणूस आजारी ठरत नाही. तिचे केस गेलेले, जिन्याच्या चौथ्या पायरीवर ती दमून बसायची, हे सगळं यांनी बघितलेलं. आणि सुई लहान झाली म्हणून आजारही लहान?

"दादा, औषध तेच हाय. आत जायची वाट तेवढी बदलली. ती येणार नाय. आचारी सांग."

"एवढं काय बोललो रं मी?"

मी थांबलो नाही. जेली, पेशी, सगळं ऐकवलं. सकाळी नर्सला काय म्हणालो तेवढं सोडून. मधेच चहा आला. तो पिऊन आणखी दहा मिनिटं बोललो. दिसत नाही म्हणून थकवा नसतो असं नाही, हेही सांगितलं.

ते गेल्यावर बायको ओट्याशी कपबश्या विसळत होती.

"चांगलं बोललात," ती म्हणाली. "पण मग चहा मी का केला? आणि साखर कमी म्हणून तुम्ही तो परत पाठवलात."