आप्पासाहेब स्वतःचा खटला ऐकत नाहीत

हे मी लिहिणारच नव्हते. आई म्हणाली, "आपली माणसं हायत, गप बस." आप्पासाहेब म्हणजे आईचे सख्खे चुलते. दोन दिवस मी बसले गप. पण परवा वर्गात कुणीतरी म्हणालं, "तुझे आजोबा म्हणजे न्यायाचा पुतळाच!" आणि माझं डोकंच फिरलं. आता ऐकाच.

आप्पासाहेब जज होते. एक्क्याण्णवला रिटायर झाले आणि काटेवाडीच्या पुढं, आमच्या वस्तीवर, स्वतःच्या बावीस एकर उसात येऊन राहिले. नोकरी सुटली, कोर्ट काय सुटलं नाही. दर रविवारी सकाळी पायजम्यावर काळा कोट चढवतात, ओट्यावर खुर्ची टाकतात आणि वस्तीची भांडणं ऐकतात. कुणाची शेळी कुणाच्या घासात शिरली, कुणी कुणाच्या पाळीचं पाणी वळवलं. मे महिन्यातसुद्धा कोट! घाम हनुवटीवरून कागदावर टपकतो, पण कोट निघत नाही, कारण आत नुसतं बनियन असतं. पुकारा करायला त्यांचाच ट्रॅक्टर ड्रायव्हर, जोतीराम.

निकाल मात्र चांगले देतात, खोटं कशाला बोलू. एकदा दोन भाऊ बांधावरून भांडत आले. धाकट्यानं बांधावरचं झाडच तोडलं होतं. साहेब म्हणाले, "झाड तोडलं तरी बुडखा जागेवरच आहे. बुडखा जिथं, बांध तिथं." वस्ती खूश.

दोन वर्षांमागं त्याच ओट्यावर अक्काबाई आली. तिचं दीड एकर साहेबांच्या उसाला लागून. नवरा गेलाय, एकटीच कसते. जोतीरामचा ट्रॅक्टर दर नांगरटीला तिच्या बांधाचा लचका तोडतो, म्हणून तक्रार त्याच्यावर. आता पुकारणाराही तोच!

"जोतीराम हाजिर होऽऽ!" तो ओरडला, इकडंतिकडं बघितलं, मग स्वतःच ओट्यावरून उतरून समोर उभा राहिला. "हाय की, साहेब."

माणसं पोट धरून हसली. अक्काबाई हसली नाही.

"साहेब, माझी बाभळ बांधावर व्हती, ती ह्यानं तोडली. तिचा बुडखा आता तुमच्या उसात चौथ्या सरीला हाय. बुडखा तितं बांध, तुमीच म्हनला व्हता."

साहेबांनी चष्मा काढला, कोटाला पुसला. "अक्काबाई, जमीन माझी आहे. न्यायाधीशाला स्वतःचा खटला ऐकता येत नाही. मी यातून बाजूला होतो."

"मग ऐकनार कोन?"

"ते मी कसं सांगू? मी बाजूला झालोय."

वस्ती एवढी भारावली! किती सरळ माणूस! अहो, बाजूला झाले ते खुर्चीतून. उसातून कुठं झाले? यंदाच्या उसाच्या लागणीत तो बुडखा सहाव्या सरीला गेलाय.

मी दिवाळीत म्हटलं, "आप्पा, तेवढ्या सहा सऱ्या सोडा ना तिच्या." तर म्हणतात, "पोरी, मी यावर बोललो तर पक्षपात होईल." आणि चकली खाल्ली. माझ्या आईनं केलेली!

अक्काबाईनं आता सरकारी मोजणी मागितलीय. मोजणीदार संक्रांतीनंतर येणार. त्याला बुडखा दाखवायचा, बाभळ हितंच होती म्हणून सांगायचं आणि कागदावर सही करायची, अशी माणसं तिला पाहिजेत. वस्तीवर विचारलं की सगळे म्हणतात, "आमी न्हाय बघितली बाभळ." तिच्याच सावलीत बसून भाकरी खाल्लेली माणसं! आणि मोजणीच्या आधी ऊसतोड आहे. जोतीराम उघड सांगत फिरतोय, रान मोकळं झालं की साखळी लावून बुडखा उपटणार.

माझी सही मी देणार, आई काय म्हणायचं ते म्हणू दे. पण एका पोरीच्या सहीला कोण विचारतंय? तुमच्यापैकी कितीतरी जण काटेवाडीच्या रस्त्यानं सायकलवरून आधी शाळेला जायचा, आता कॉलेजला येता. ती बाभळ उभी होती तेव्हा तुम्ही बघितलीय. पाटाच्या चारीच्या कडेनं आत वळा, पत्र्याचं एकच घर आहे, तिथं अक्काबाईला भेटा. तिच्याबरोबर उसात शिरून सऱ्या मोजा. पण लवकर जा, ऊसतोडीची टोळी पुढच्या आठवड्यात येतेय.