गुरुवारी बंद केलेलं बटण

मंडळी, आज कशातच लक्ष लागत नाहीये, म्हणून लिहितेय.

भोसरीतल्या छोट्या लॅबमध्ये मी पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या प्रथिनांवर संशोधन करते. ती पकड सुटली की कॅन्सर अंगभर पसरतो. चाकणच्या एका ताईंनी जाण्याआधी स्वतःच्या गाठीच्या पेशी आम्हाला दिल्या होत्या. त्यांच्या मिस्टरांच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी. दर गुरुवारी फोन करून विचारतात, "मॅडम, आमची ही कशी हाय?"

काल गुरुवार, नेहमीसारखी लाइट गेली. आमचे नवे शिपाईकाका जन्मभर कारखान्यात लेथ मशीनवर होते. लाइट परत येताना मोटार जळू नये म्हणून त्यांनी सवयीनं सगळी बटणं बंद केली. पेशींना ऊब देणाऱ्या, बॅटरीवर चालू राहिलेल्या इन्क्युबेटरचंही.

जिवंत पेशी डिशच्या तळाला चिकटून राहतात, मेल्या की सुटतात. आज सकाळी सगळ्या सुटून तरंगत होत्या. ताई गेल्या, आता दुसऱ्या आणायच्या कुठून?

काका म्हणाले, "मॅडम, मशीन वाचावी म्हणूनच केलं हो." त्यांच्यावर तरी काय ओरडू?

काल संध्याकाळी ताईंच्या मिस्टरांचा फोन आला, तेव्हा मी न बघताच म्हटलं होतं, "मस्त, घट्ट धरून आहेत."

ते हसले. "व्हय, धरलेलं सोडायची न्हाईच ती."

पुढच्या गुरुवारी काय सांगू त्यांना?